घरी न्यायला आलेली आई

४ मार्च

ताई,

पाववाल्याच्या गाडीत मागे माझं पोर, आपला लांब्या बसलाय, ट्रेच्या मधे पाय दुमडून. त्याला आधी पोटभर जेवू घाल, मग हे वाच. फोन करू नकोस. फोनवर काही बोलायचं नाही असं आम्ही ठरवलंय. पाववाला आपला माणूस आहे, उत्तर त्याच्याच हाती दे.

रंगाईच्या कारखान्यात बॉयलर फुटला ते तू पेपरात वाचलं असशील. पेपरात आलं नाही ते मी सांगते. आपल्या चर्चच्या दारात मेणबत्त्या विकते ती बाई आठवते ना? तिचा एकुलता मुलगा त्या बॉयलरवर होता. तो गेला. कारखानावाले म्हणतात, त्याचीच बेफिकिरी. आणि आपला लांब्या तिथंच कामाला, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की वाफ वाढली की उघडते ती झडप सुपरवायझरनं तारेनं बांधायला लावली होती. सारखी वाफ सुटते, कोळसा फुकट जातो म्हणून. बाकी कुणी तोंड उघडायला तयार नाही. अठरा तारखेला चौकशीचे साहेब बसणार आहेत आणि आमचा शहाणा म्हणतो, मी सांगणार.

मला हे नकोय, ताई. समोरच्या लॉन्ड्रीपाशी दोन माणसं रोज येऊन उभी राहतात. काही करत नाहीत, नुसती उभी राहतात. परवा मी भाजी घेऊन येत होते तर त्यातला एक हसून म्हणाला, "भाजी फार महाग झाली ना, मावशी?" एवढंच. तेव्हापासून कामात लक्ष नाही. काल शिवायला घेतलेल्या हॉस्पिटलच्या सगळ्या गाऊनना मी नाड्या पुढच्या बाजूला शिवल्या. डॉक्टरांनी ते घालायचे कसे? सगळं उसवत बसले आणि उसवता उसवता रडले.

अठरा तारीख सरेपर्यंत त्याला तुमच्या कॉन्व्हेंटमध्येच ठेव. आणि त्याला समजाव. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याचे कान तूच पिळलेस. त्याला सांग, येशूसुद्धा आईच्या आज्ञेत राहिला. देवाच्या मुलानं आईचा शब्द मोडला नाही, तर हा कोण लागून गेला? असं म्हण. तू म्हटलंस तर त्याला पटेल.

तुझी चिमी


७ मार्च

चिमे,

लांब्या नीट पोचला. वाटेत पाववाल्याचे काही पाव गायब झाले, त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. इथली खाट त्याला पुरत नाही, पावलं बाहेर लोंबतात. विहिरीवरचा पंप महिनाभर रुसून बसला होता तो त्यानं पहिल्याच दिवशी चालू केला. तेव्हापासून मदर त्याला दुधाचा मोठा पेला देतात. मला इतक्या वर्षांत कधी मिळाला नाही.

तू सांगितलंस ते त्याला सांगायला मी खरंच बसले होते. पण म्हटलं, आधी पुस्तक उघडून बघावं. आज्ञेत राहिला हे लूकच्या शुभवर्तमानात आहे, तू बरोबर आहेस. पण त्याच्या आधीचं वाच. पोरगा देवळात हरवलेला, आई तीन दिवस शोधतेय, सापडल्यावर विचारते, बाळा, आमच्याशी असा का वागलास? आणि बारा वर्षांचं ते पोर तिला उलट विचारतं, मला शोधत कशाला होतात? ती ओळ गाळून तुझी ओळ कशी सांगू?

मग मार्कचं काढलं आणि तिथंच अडकले. लोक येशूला म्हणायला लागले की याचं डोकं ठिकाणावर नाही. घरच्या माणसांच्या कानावर गेलं तेव्हा ती त्याला धरून न्यायला निघाली. थोडं पुढे लिहिलंय, त्याची आई आणि भाऊ दाराबाहेर उभे आहेत आणि आत निरोप पाठवतायत. तिलाही तो वेडा वाटला असं कुठं लिहिलेलं नाही. पण ती तिथं होती. तो बाहेर आला नाही. "माझी आई कोण?" असं विचारून तो समोर बसलेल्या माणसांकडे पाहत राहिला, म्हणाला, देवाच्या मनासारखं वागेल ती माझी आई. हा भाग आम्ही वर्गात घाईनं उरकतो. कुणीतरी मुलगी विचारतेच, सिस्टर, बाहेर आईला किती वाईट वाटलं असेल? आम्ही म्हणतो, चला, पुढचा धडा.

म्हणून मी लांब्याला काही सांगितलेलं नाही, तुझ्या बाजूनं नाही की त्याच्या बाजूनं नाही. मारिया माउलीला छडीसारखं हातात घेणं मला जमणार नाही. तो इथं सुखरूप आहे, तेवढं धरून राहा. जेवत जा.

ताई


१० मार्च

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नव्हतं.

लांब्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः घरी आला. खुर्चीत बसला, पंखा लावायला सांगितला, माझ्या मशिनीवर हात फिरवला. पोरगं कुठाय म्हणाला. माझ्या तोंडातून निघून गेलं की साहेब, स्फोट झाल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही, काहीबाही बरळतो, तुम्ही मनावर घेऊ नका. अगदी तेच शब्द, ताई. बोलताना मला वाटलं, मी केवढी हुशार. वेड्याच्या वाटेला कोण जाईल? तो खूश झाला. "असं होय," म्हणाला, "मग प्रश्नच मिटला." जाताना पंखासुद्धा बंद केला.

आता तू लिहितेस की तिच्याही मुलाला असंच म्हणत होते आणि तीही त्याला घरी न्यायला गेली होती. मग माझं काय चुकलं? मला तर ते वाचून धीर आला. फादर कधी हे सांगत नाहीत. ते सांगतात ती माउली कशी सगळं सोसते, कशी गप्प राहते. दारात ताटकळणारी बाई मला जास्त जवळची वाटली. मी रात्री तिला म्हटलं, तू घेऊन यायला गेली होतीस ना, मग माझी बाजू घे.

पण पुढचं ऐक. नर्सबाईंच्या घरी आमच्या गल्लीची जपमाळेची प्रार्थना होती. तुला माहीत आहे, दहा-दहा वेळा नमो मारिया म्हणायच्या आधी एकेकीनं आपला हेतू मोठ्यानं सांगायचा. माझी पाळी आली. डोळे मिटले की मला वाटतं, खोलीत मी आणि माउली दोघीच आहोत. आणि मी म्हटलं, डोंगरावरच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बहिणीजवळ असलेल्या माझ्या मुलाला अठरा तारखेपर्यंत सांभाळ. सगळ्यांनी नमो मारिया सुरू केलं. सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणत होतं? सुपरवायझरची बायको. माझ्या शेजारीच, गुडघ्याला गुडघा लावून.

त्यानंतर मेणबत्तीवालीची पाळी होती. ती म्हणाली, माझं काही नाही, पुढे चला. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले आणि मी काय करून बसले ते मला कळलं. माळेचे मणी हातातून निसटत होते, मी कितवा धरलाय तेही समजेना.

त्याला तिथून हलव, ताई. मी तुझ्या पाया पडते.

चिमी


१३ मार्च

चिमे,

तुझं पत्र पोचलं तेव्हा ते येऊन गेले होते.

दुपारी मी अंगणात मुलांचा वर्ग घेत होते. दोन माणसं फाटक उघडून आत आली. चांगले इस्त्रीचे कपडे, नमस्कार वगैरे केला. म्हणाले, सिस्टर, तुमच्या भाच्याला घरी न्यायला आलोय. त्याला वेडाचे झटके येतात, त्याच्या आईनंच पाठवलंय, हे त्याचं औषध. खरोखर एक बाटली होती हातात, औषधाच्या दुकानातल्यासारखी. आणि तुला खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की तूच पाठवलंस. तुझं नाव, तुझ्या गल्लीचं नाव, तू शिवणकाम करतेस ते, सगळं त्यांना ठाऊक होतं. आईनं सांगितलंय हे शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी म्हटलं, तो कालच गेला. तो तेव्हा पंपाच्या खोलीत होता. वर्गातल्या एका मुलीनं सांगायला तोंड उघडलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मिटलं. चौथ्या आज्ञेपासून आठव्या आज्ञेपर्यंत, आईबापाचा मान राखा ते खोटं बोलू नका, मी त्यांना नुकत्याच शिकवल्या होत्या. माणसं बाटली कठड्यावर ठेवून गेली. मदरनी ती संडासात ओतली. प्रार्थनेला गुडघे टेकले ते देवापुढे की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

लांब्यानं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. म्हणाला, मावशी, आता मी इथं राहिलो तर तुम्हा सगळ्यांना त्रास. निघतो. आणि अठराला बोलणार. तेव्हा मी काय केलं असेल? मी त्याचा शर्ट धरला. माउलीची शपथ घातली, तुझ्या आईचा जीव जाईल म्हटलं, जे जे करणार नाही असं तुला ऐटीत लिहिलं होतं ते ते सगळं केलं. मीही त्याला धरून न्यायलाच निघाले, चिमे. फक्त माझ्या अंगावर सिस्टरचा झगा होता.

त्यानं शर्ट सोडवून घेतला, हळूच. म्हणाला, "काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशू म्हणत होता माझी वेळ अजून आली नाही. त्याला पुढे कुणी ढकललं, मावशी? तूच शिकवलंस." लग्नघरची फजिती होऊ नये म्हणून माउलीनं मुलाला चमत्काराचं असं काम सांगितलं की ज्याच्यानंतर तो पुन्हा घरचा राहिला नाही. वर्षानुवर्षं मी तो धडा पाहुणचाराचा म्हणून शिकवत आले.

जाताना त्यानं तुझ्यासाठी निरोप दिला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आईनं समोर उभं राहून नको म्हटलं तर माझ्यानं बोलवणार नाही. म्हणून मी तिच्यासमोर जाणारच नाही." पंपाचे भाग घेऊन आलेल्या मिस्त्रीच्या टेम्पोतून गेला. कुठं उतरणार ते सांगितलं नाही. मला माफ कर.

ताई


१५ मार्च

ताई,

तो सापडला. आमच्या मागच्या गल्लीत आहे. मेणबत्तीवालीच्या घरात.

काल ती माझ्याकडे आली. मेणबत्त्यांचा जुडगा हातात, जणू विकायलाच आलीय. लॉन्ड्रीपाशी ते दोघे होते, त्यांच्यासमोरूनच आली. दार लावल्यावर म्हणाली, "तुझा माझ्याकडे आहे. माझ्या पोराच्या खाटेवर झोपतो. पाय बाहेर येतात." आपल्या घरात लपवायला तिला भीती वाटली नाही का, मी विचारलं. म्हणाली, माझ्याकडे येऊन आता कोण काय नेणार?

मला वाटलं आता ती म्हणेल, माझ्या मुलाचं नाव धुऊन निघू दे, तुझ्याला बोलू दे. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. ती तसं काही म्हणालीच नाही. म्हणाली, "तू हाक मारलीस तर तो उठून येईल. मी अडवणार नाही. तो बोलला म्हणून माझा परत येणार नाही. लोक त्याला बेफिकीर म्हणायचं थांबतील, एवढंच. तेवढ्यासाठी तू तुझा घालवू नकोस. घरी ने त्याला."

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कारखान्यावर मला राग होता, लांब्यावर होता, तुझ्यावरही होता, तेवढ्यावर माझं चाललं होतं. आता सगळं माझ्या एकटीवर येऊन पडलंय. मी "नको" म्हटलं की संपलं. तो घरी येईल, जेवेल, कामाला दुसरीकडे लागेल. आणि चर्चला जाताना रोज तिच्याकडून मेणबत्ती घ्यावी लागेल.

मी अजून तिकडे गेलेली नाही. दोनदा चप्पल घातली आणि काढली. माझ्या तोंडून काय निघेल याचीच मला भीती वाटते. अठराला सकाळी चौकशी आहे.

एकच सांग मला. ती घाबरायची का? माउली. मूर्तीकडे बघितलं तर तसं वाटत नाही. ती कधीच घाबरली नसेल तर मी तिच्याशी काय बोलू?

चिमी


१६ मार्च

चिमे,

पाववाला थांबलाय, थोडक्यात लिहिते.

घाबरायची. देवदूत दारात आला तेव्हा ती बिचकली, म्हणून त्याला म्हणावं लागलं, भिऊ नकोस. न घाबरलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. मूल चाळीस दिवसांचं असताना ती देवळात घेऊन गेली, आणि एका म्हाताऱ्यानं ते हातात घेऊन तिला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. तू विचार कर, ओल्या बाळंतिणीला. ती काय म्हणाली ते लिहिलेलं नाही. मूल परत घेतलं आणि घरी गेली. त्यानंतर रोज त्याला न्हाऊमाखू घालताना ती तलवार तिच्या मनात नसेल असं मला वाटत नाही. मूर्तीचा चेहरा मूर्तिकारानं दिलाय. त्याला गिऱ्हाईक बघायचं असतं.

काय कर ते मी सांगणार नाही. मी त्याचा शर्ट धरला होता, मला तोंड नाही. मी तिकडे यायला निघाले होते, पण फाट्यावर ते दोघे पुन्हा दिसले आणि मदर सोडत नाहीत. तू नको म्हटलंस तरी माझी धाकटी बहीणच आहेस, आणि त्याला बोलू दिलंस तरी.

ताई


१९ मार्च

ताई,

सतरा तारखेला मी गेले. मेणबत्तीवालीच्या घरात मेणाचा वास इतका की डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे बरं झालं. तो खाटेवर बसून वाती कापत होता. मला बघितल्यावर उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला. वाट बघत होता, मी काय म्हणते त्याची. मी म्हणणार होते, ताई. नको हा शब्द अगदी जिभेवर होता. पण माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. बाही उसवलेली, तू धरला होतास तोच असणार. मी म्हटलं, "हा घालून साहेबांसमोर जाणार आहेस? काढ, शिवून देते." तो बघतच राहिला. मेणबत्तीवालीनं सुईदोरा आणून दिला. मला दोरा ओवता येईना, तो तिनं ओवला.

चौकशी कारखान्याच्याच कँटीनमध्ये होती. टेबलं एका बाजूला ढकललेली, चहाचे डाग तसेच. मागे आम्ही दोघी. सुपरवायझर पहिल्या रांगेत आणि त्याची बायको त्याच्या शेजारी, पदर चापून बसलेली. लांब्याचं नाव पुकारलं. तो उठून पुढे गेला आणि त्यानं तोंड उघडायच्या आत कारखान्याचा वकील उठला. म्हणाला, साहेब, या साक्षीदाराचं डोकं ठिकाणावर नाही. स्फोटापासून तो बरळतो. हे आम्ही म्हणत नाही, त्याची आई म्हणते, तिनं आपल्या तोंडानं सांगितलंय. ती इथं हजर आहे, विचारून घ्या.

लांब्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. कॉन्व्हेंटमध्ये त्या दोघांनी सांगितलं ते त्याला खोटंच वाटलं होतं, मी खरंच तसं बोलले हे ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस आणि मी तर नाहीच. त्याची ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. रागाची नव्हती ती. लहानपणी गर्दीत माझा हात सुटला की तो असा बघायचा.

साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "याची आई कोण?"

उठायला गेले आणि परत बसले. मेणबत्तीवालीनं माझ्या कोपराखाली हात घातला आणि मला उठवण्यासाठी तीच उठली. आम्ही दोघी उभ्या. साहेब इकडून तिकडे बघायला लागले, म्हणाले, यातली आई कोणती? मला वाटतं मी म्हटलं, एक मी, आणि हिचा गेला. नीट आठवत नाही. पण पुढचं आठवतं, कारण ते मी मोठ्यानं म्हटलं. म्हटलं, साहेब, ते मी भीतीनं बोलले. ही माणसं माझ्या दाराशी येऊन उभी राहतात, म्हणून बोलले. मला आताही भीती वाटतेय. पण माझ्या मुलाचं डोकं ठिकाणावर आहे. तो सांगेल ते ऐका.

सुपरवायझर मागे वळून माझ्याकडे बघत होता आणि त्याची बायको खाली मान घालून. साहेब म्हणाले, ठीक आहे, बसा तुम्ही.

लांब्या बोलायला लागला. झडपेचं, तारेचं, कुणी सांगितलं, कुणी बांधली, सगळं. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता, मग सरळ झाला. साहेबांनी मला आणखी दोनदा बसायला सांगितलं. मी बसले नाही, ताई. तो बोलत होता तोवर उभीच राहिले. बसले असते तर मला पुन्हा उठता आलं नसतं.

चिमी